चिठ्ठ्या नीट ढवळल्या होत्या का, तेवढं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून टाकतो. जागेअभावी कापाकापी करायची तर मधून कुठूनही करा, पण शेवटी जी विनंती केलीय ती तेवढी ठेवा.

तर झालं असं की आमच्या नातीच्या वहीत लाल पेनाने शेरा आला. नववीत आहे. शाळेत प्रोजेक्ट होतं, आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घ्या आणि त्याचा सर्व्हे करा. तिने पाण्याचा घेतला, सिंहगड रोडला राहतो म्हटल्यावर दुसरा कुठला घेणार. पंधरा दिवस पोरगी सोसायटीचे जिने चढली-उतरली, ३३ घरांची उत्तरं आणली, झकास तक्ता केला, आणि बाईंनी खाली लिहिलं, "सॅम्पल फारच लहान. व्हॉट्सअपवर ५२ मतं आली होती ती का घेतली नाहीस? पेपरमध्ये बघ, हजारो लोकांचा कौल घेतात."

बाईंवर माझा राग नाही हो. वर्गात साठ पोरं, प्रत्येकाची वही, कुठे कुठे बघणार. पण ते 'पेपरमध्ये बघ' वाचलं आणि म्हटलं, हे आता पेपरवाल्यांनाच सांगायला पाहिजे. आपल्या वेबसाईटवर रोज एक प्रश्न असतो, खाली हो आणि नाही अशी दोन बटणं, आणि दुसऱ्या दिवशी छापील अंकात चौकट येते, इतके टक्के पुणेकर म्हणतात अमुक. मी चाळीस वर्षांचा वर्गणीदार आहे, मला त्या पुणेकरांत कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून तक्रार पण नाही, तक्रार वेगळीच आहे.

आधी माझी ओळख. मी एकतीस वर्षं सरकारी सर्वेक्षणात फिल्डवर काढली, म्हणजे ऑफिसात बसून टक्के काढणारा साहेब नाही, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरणारा माणूस. घरात कोण कोण राहतं, महिन्याला तेल किती लागतं, काम काय करता, आठवड्यात किती दिवस मिळालं, हे विचारत फिरायचं. कुत्री मागे लागलीत, चहा पण भरपूर प्यायलोय. त्यामुळे पोरीने 'आबा, सर्व्हे कसा करतात' विचारल्यावर माझ्या अंगात आलं म्हणा ना.

खरं तर तिने माझ्याकडे यायच्या आधीच एक सर्व्हे करून टाकला होता. सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पोल टाकला, 'तुम्हाला पाणी पुरतं का?' संध्याकाळपर्यंत ५२ मतं, त्यातली ४४ 'पुरत नाही'. म्हणजे ८५ टक्के! ते बघून आमचे चेअरमन पण खूष, कारण त्यांना रोजचा एक टँकर वाढवायचा ठराव आणायचाच होता, म्हणाले हा घ्या पुरावा. मी पोरीला एवढंच विचारलं की हे ५२ जण कोण? ती म्हणाली मेंबर. म्हटलं ते झालं, पण या पोलला बोट लावावं असं कोणाला वाटेल? ज्याच्या डोळ्यात साबण असताना शॉवर बंद पडला त्याला. ज्याचं पाणी व्यवस्थित येतंय तो गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत तुझा पोल पण वर सरकवून पुढे जाणार. शिवाय ग्रुपमध्ये नवरा-बायको दोघं असले तर एका घरची दोन मतं, आणि भाडेकरूंना तर त्या ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही (हा वेगळा विषय आहे, त्यावर मी सोसायटीलाच पत्र लिहीन). म्हणजे ही निवड तू केलेली नाहीस, लोकांनी स्वतःच स्वतःची केलीय. आपल्या रोजच्या चौकटीचं तेच आहे बघा संपादक साहेब, फक्त ५२ च्या जागी आकडा मोठा.

आणि आकडा मोठा झाला की प्रश्न सुटतो असं बाईंना वाटलं, बऱ्याच जणांना वाटतं. त्याची एक जुनी गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगायचे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, रुझवेल्ट विरुद्ध लँडन. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने तब्बल १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या २३-२४ लाख भरून परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी छापलं की लँडनला ५७ टक्के मतं पडणार. प्रत्यक्षात रुझवेल्टला ६१ टक्क्यांच्या आसपास मिळाली, ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली त्याने. झालं काय होतं, तर नाव-पत्ते घेतलेले टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून. मंदीचा काळ, तेव्हा फोन आणि मोटार कोणाकडे असणार? आणि ज्यांना पाठवलं त्यातल्याही चारातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही, उत्तर दिलं ते मुख्यतः सरकारवर चिडलेल्यांनी. म्हणजे पुन्हा साबणवालेच. त्याच वेळी जॉर्ज गॅलप नावाच्या माणसाने साधारण ५० हजार लोकांना विचारून कोण जिंकणार ते बरोबर सांगितलं होतं. ते साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, नुसतं सांगतोय.

असो. तर पोरगी म्हणाली मग सगळ्या घरांना विचारू? आमच्याकडे तीन विंग, बारा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण १४४. म्हटलं तुझी सहामाही जवळ आलीय, चौथा हिस्सा कर, ३६ घरं. मग तिने स्वतःच्या डोक्याने जी युक्ती काढली ती मला फार आवडली, कारण ती अगदी शहाणी दिसते आणि पूर्ण चुकते. म्हणाली यादी घेऊ आणि दर चौथ्या घरी जाऊ. वशिला नाही, निवडानिवड नाही, एकदम फेअर. मी म्हटलं काढ यादी. १०४, २०४, ३०४, ४०४... दहाएक नंबर लिहिले आणि थांबली, म्हणाली, आबा सगळे चार नंबरचेच येतायत! येणारच ना. मजल्यावर घरंच चार. आणि आमच्याकडचे ०४ म्हणजे कोपऱ्याचे मोठे थ्री बीएचके, तिथे बहुतेक मालक स्वतः राहतात आणि बऱ्याच जणांनी माळ्यावर जादा टाकी बसवलेली आहे. त्या ३६ घरांना विचारलं असतं तर उत्तर आलं असतं की पाण्याचा काही प्रॉब्लेमच नाही. ग्रुपवर ८५ टक्के बोंब आणि या यादीत सगळं आलबेल, आणि सोसायटी तीच! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दर इतकाव्या घरी जायची पद्धत वाईट नाही, आम्ही आयुष्यभर वापरली, पण सुरुवात चिठ्ठीने ठरवायची आणि यादीत असली काही लय लपलेली नाही ना ते आधी बघायचं.

मग चिठ्ठ्या. १४४ चिठ्ठ्या कापल्या, एकेक फ्लॅट नंबर लिहिला, घडी घालून लाडवाच्या डब्यात टाकल्या, आधी ए विंग, त्यावर बी, त्यावर सी. झाकण लावून डबा दोनदा हलवला आणि काढायला सुरुवात. पहिल्या सहा चिठ्ठ्या सी विंगच्या. मी काही बोललो नाही, तीच म्हणाली हे बरोबर नाही वाटत.

आता यात हसण्यासारखं काही नाही, हीच चूक अमेरिकेच्या सरकारने केलेली आहे आणि तीही माणसं युद्धावर पाठवताना. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनामसाठी तरुणांची सोडत काढली, वर्षाच्या ३६६ तारखांच्या ३६६ प्लास्टिकच्या कुप्या, जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्यांना आधी बोलावणं. कुप्या भरल्या महिन्यामहिन्याने, जानेवारीपासून, आणि ढवळल्या अर्धवट. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. नंतर लोकांनी बसून हिशेब केला तर वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या, खास करून डिसेंबरच्या, तारखा आधी निघाल्या होत्या, म्हणजे डिसेंबरात जन्म झाला म्हणून पोराचा नंबर लवकर लागला. ढवळायचा कंटाळा केला एवढंच!

पोरीने मग सगळ्या चिठ्ठ्या चादरीवर ओतल्या आणि पत्ते पिसतात तशा दहा मिनिटं पिसल्या. मोबाईलवर रँडम नंबर मिळतात हे मला माहितीये, पण पहिल्यांदा शिकताना हाताने करावं, मोबाईलवर आकडा येतो पण का येतो ते कळत नाही. आमच्या वेळी आकड्यांची छापील पुस्तकं असायची, पानंच्या पानं नुसते आकडे, ना बेरीज ना अर्थ. तसलं पहिलं टिपेट नावाच्या ब्रिटिश माणसाने १९२७ साली काढलं, ४१ हजार ६०० अंकांचं, जनगणनेच्या अहवालांतले आकडे उचलून. मला नोकरीला लागल्यावर वाटलं होतं की एवढी सरकारी छपाई कशाला, मनात येईल तो आकडा घ्यावा की. करून बघा, घरातल्या पाच जणांना एक ते दहातला मनातला आकडा विचारा, सात किती जण म्हणतात ते मोजा. एक आणि दहा सहसा कुणी म्हणत नाही. माणसाच्या मनाला रँडम जमत नाही, त्याला 'रँडम दिसेल असं' जमतं.

तर ३६ घरं निघाली. पहिल्या रविवारी सकाळी गेली, ११ घरांना कुलूप किंवा कुणी दार उघडलं नाही. लगेच म्हणाली आबा शेजारच्यांना विचारते, तेवढंच पूर्ण होईल.

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागली, जी मी घरात आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, भोर तालुक्यात, निवडलेल्या घराला तीन दिवस कुलूप, गडी कामाला बाहेरगावी गेलेले, आणि मला एसटी पकडायची होती. शेजारच्या घरी बसलो, चहा घेतला, त्यांचीच माहिती कुलूपवाल्यांच्या नावावर भरली. सुपरवायझर महिन्याने तपासायला गेले तर ते घर नुकतंच उघडलेलं, घरात दोनच माणसं, माझ्या फॉर्मवर सात. मला त्यांनी ऑफिसच्या पायरीवर उभं करून सांगितलं, अरे जो घरी सापडत नाही तो का सापडत नाही, तेच तर आपल्याला मोजायचंय, कुलूप हे पण उत्तर आहे. जे कायम घरी भेटतात, म्हणजे म्हातारे, लहान पोरांच्या आया, पेन्शनर, त्यांनाच विचारत राहिलं तर कामाला बाहेर गेलेला माणूस आपल्या हिशेबातून निघूनच जातो. ती बोलणी मी विसरलेलो नाही.

म्हणून पोरीला म्हटलं शेजारी जायचं नाही, त्याच दारात परत जायचं. संध्याकाळी जा, सुट्टीला जा. दुपारी एक ते चार अर्थातच नाही, ते पुण्यात मी वेगळं सांगायला नको. ती तीन-तीनदा गेली. आयटीतली भाडेकरू पोरं रात्री साडेनऊला भेटली (आजी सोबत गेली होती). शेवटी दोन फ्लॅट खरंच रिकामे निघाले, मालक परदेशात, आणि एका काकांनी 'कशाला पाहिजे माहिती, कोणी पाठवलं तुला' म्हणून दार लावलं. राहिले ३३. हे तिने तक्त्याखाली लिहिलं, ३६ निवडले, २ रिकामे, १ नकार. मला त्या एका ओळीचं जास्त कौतुक वाटलं, आणि नेमकी तीच ओळ वाचून सॅम्पल लहान असा शेरा आला.

प्रश्न पण बदलला. 'पाणी पुरतं का?' हा प्रश्नच वाईट, पुरणं म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं, आणि आमच्या शेजारच्या वहिनी 'तुम्हाला पण पाणी पुरत नाही ना गं?' असं विचारत तिच्यासोबत फिरायला तयार होत्या, त्यांना मी हात जोडले. तसं विचारल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप आहे? त्याऐवजी साधं ठरवलं, काल सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात तुमच्या नळाचं पाणी थांबलं होतं का, थांबलं तर किती वेळ. 'काल' म्हटलं की माणूस आठवून सांगतो, 'नेहमी' म्हटलं की भांडण सांगतो. आणि घरं वेगवेगळ्या दिवशी भेटत गेल्याने एकाच दिवशी पंप बिघडला वगैरे भानगड पण आली नाही.

निकाल, ३३ पैकी १४. म्हणजे ४२ टक्के. कुठे ८५ आणि कुठे ४२! आणि त्या १४ मधली ११ घरं आठव्या मजल्याच्या वरची. म्हणजे टाकीत पाणी आहे, वरच्या मजल्यांना प्रेशर नाही, टाकी डोक्यावरच असल्याने तिथपर्यंत जोरच येत नाही. त्याला टँकर काय करणार? टँकरने टाकी भरेल, नळाचा जोर थोडीच वाढेल.

आता बाईंचा मुद्दा, ३३ म्हणजे लहान. लहान आहेच. ३३ वरून ४२ टक्के म्हटलं तर खरा आकडा साधारण १५ टक्के खालीवर असू शकतो, म्हणजे २७ ते ५७ च्या मधे कुठेतरी. हे मी पोरीला गणिताने नाही, वाटाण्याने समजावलं, आणि कुठल्याही शाळेत अर्ध्या तासात होण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितो. एका डब्यात ३०० पांढरे वाटाणे आणि २०० हिरवे वाटाणे मोजून टाकले, म्हणजे हिरवे ४० टक्के हे आपल्याला आधीच माहीत. (आधी मी घाईत राजमा आणि मूग घेतले होते, ते चुकलं, डबा हलवला की मूग खाली जाऊन बसतात आणि राजमा वर येतो, हाताला सगळा राजमाच लागतो. दाणे एका आकाराचे पाहिजेत.) डोळे मिटून २५ काढायचे, हिरवे मोजायचे, लिहायचं, परत टाकायचे, ढवळायचं. असं वीस वेळा. एकदा ६ हिरवे आले, एकदा १५ आले, बहुतेक वेळा ८ ते १२ च्या मधे. म्हणजे कधी २४ टक्के, कधी ६० टक्के. मग एका वेळी १०० काढले, तर ३३ ते ४८ च्या मधेच खेळ राहिला. चौपट वाटाणे, आणि हेलकावा अर्ध्यावर. पोरगी म्हणाली चौपट काम करून फक्त निम्माच फायदा? हो. म्हणूनच ठोकळ हिशेब असा की नीट निवडलेल्या १०० जणांत १० टक्के खालीवर, ४०० त ५ टक्के, १००० त ३ टक्के, आणि १ टक्क्यावर यायचं तर १० हजार लागतात. १०० वेळा सर्व्हे केला तर ९५ वेळा या हद्दीत राहतो, पाच वेळा तरीही फसतो, ते पण मान्य करून चालायचं.

पण गंमत अशी की ती हद्द ठरते तुम्ही किती जणांना विचारलं त्यावर, एकूण लोकसंख्या किती त्यावर जवळजवळ नाही. (आमच्यासारख्या १४४ च्या सोसायटीत चौथा हिस्सा विचारला तर थोडा फायदा मिळतो, तो मी वर धरलाय.) हे लोकांना काही केल्या पटत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती, तिथे १००० जण पुरतात, आणि अख्ख्या महाराष्ट्राला पण तेवढेच पुरतात? हो. लग्नात आचारी पाचशे पानांच्या आमटीची चव कशी बघतो, तळहातावर एक थेंब घेऊन, आणि आपण घरी चार जणांच्या आमटीची चव पण थेंबभरच घेतो, पातेलं मोठं म्हणून कोणी वाटी भरून पीत नाही. फक्त आचारी आधी डाव तळापर्यंत घालून ढवळतो. आपली म्हण आहे ना शितावरून भाताची परीक्षा, त्यात शीत कुठून उचलायचं ते सांगितलेलं नाही, पण माझी आई कधी वरचं शीत घ्यायची नाही, मधे पळी घालून खालचं घ्यायची. म्हणून तर २०२२-२३ चं घरखर्चाचं सरकारी सर्वेक्षण अख्ख्या भारतासाठी २ लाख ६१ हजार ७४६ घरांवर झालं, आणि तेही इतकी घरं एवढ्यासाठी की प्रत्येक राज्याचं, गावाचं-शहराचं वेगवेगळं चित्र पाहिजे असतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण उभं केलं तेव्हापासून हाच धंदा चालू आहे.

आपल्याकडचे सुखात्मे, पां. वा. सुखात्मे, तेही संख्याशास्त्रज्ञच, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, त्यांचं आणि महालनोबिसांचं यावरूनच वाजलं होतं. शेतात पीक किती आलं ते मोजायला शेताचा छोटा तुकडा कापून तोलायचा, तुकडा केवढा घ्यायचा हा वाद. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येतं. का? तर कडेच्या दोरीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, अशा वेळी माणसाचा हात आपोआप आतच ओढतो, आणि तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कडच जास्त. लबाडी नाही हो, हाताची खोड. मी मावळात भाताचं कापणी प्रयोगाचं काम केलंय, त्यात शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून चिठ्ठीतल्या आकड्याइतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला, आणि जिथे पाय पडेल तिथे खुंटी. शेतकरी म्हणायचा, साहेब इथलं घ्या, इथलं बरं आलंय. आता पीक विमा आल्यापासून म्हणे उलटं आहे, साहेब तिकडचं घ्या, तिकडचं पार गेलंय. खुंटी मात्र आकडा सांगेल तिथेच. म्हणून मला हसू येतं कोणी म्हणालं की रँडम म्हणजे काय, कसंही. कसंही नाही, त्याला शिस्त लागते, आणि ती शिस्त आपल्याच हातापासून वाचवायला लागते.

अजून एक राहिलं, यादी. चिठ्ठ्या कितीही ढवळल्या तरी ज्याची चिठ्ठीच डब्यात नाही तो निघणार कसा? आपल्या शहरात हे फार महत्त्वाचं आहे. २०१७ ला ११ गावं महापालिकेत आली, २०२१ ला आणखी २३ आली, वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे वगैरे. उद्या कोणी जुन्या हद्दीची यादी घेऊन 'पुणेकरांना पाणी किती मिळतं' असा अगदी शास्त्रशुद्ध सर्व्हे केला तर पेठांमधले आणि कोथरूडमधले लोक सापडतील, आणि जिथे रस्त्यावर बसपेक्षा टँकर जास्त दिसतात तो भाग यादीतच नसेल. टक्केवारी छान येईल. दोन दशांश स्थळांपर्यंत काढता येईल.

एक्झिट पोलवर मी फार बोलत नाही, आधीच खूप लोक बोललेत. २०२४ ला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं आणि झाल्या २९३. त्यावर 'एवढ्या लाख लोकांना विचारलं होतं' असं समर्थन ऐकलं की मला १९३६ आठवतं. बूथबाहेर विचारलं तर उत्तर द्यायला कोण थांबलं आणि कोण मान खाली घालून निघून गेलं, हे कोणी सांगत नाही.

आता विनंती, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. रोजचा कौल बंद करा असं माझं म्हणणं नाही, लोकांना बटण दाबायला मजा येते, येऊ द्या. पण त्यावर 'इतके टक्के पुणेकर' लिहू नका, 'आमच्या वेबसाईटवर येऊन ज्यांनी बटण दाबलं त्यांच्यापैकी' असं लिहा, चार शब्द जास्त लागतील. आणि बाहेरच्या कंपन्यांचे जे सर्व्हे तुम्ही पहिल्या पानावर छापता, त्याच्याखाली बारीक टायपात का होईना एवढं टाका की यादी कुठली होती, तीतून माणसं निवडली कशी, किती जणांना गाठलं आणि त्यातल्या किती जणांनी नाही म्हटलं, प्रश्न शब्दशः काय होता, पैसे कोणी दिले. त्यांनी दिलं नाही तर 'माहिती दिली नाही' असं छापा, वाचक समजून घेतील. आमच्या नववीतल्या पोरीला जमलं ते त्या कंपन्यांना जमायला हरकत नाही.

नातीला सध्या वीसपैकी अकरा मार्क आहेत. तिला म्हटलं बाईंना जाऊन शांतपणे सांग, सोबत वाटाण्याचा डबा ने. ती म्हणाली आधी पेपरात छापून येऊ दे मग नेते, बाई पेपरचं ऐकतात. आणि आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे, टँकरचा ठराव अजून अजेंड्यावर तसाच आहे, चेअरमन म्हणतात ५२ मोठे की ३३. मी पोरीचा तक्ता घेऊन जाणार आहे, आणि दहाव्या मजल्यावरच्या दोघातिघांना सांगून ठेवलंय की त्या दिवशी नक्की या.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सिंहगड रस्ता, पुणे